गाणे, ग्रंथ आणि आपली ठेव

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना विनम्र अभिवादन करून मी माझे चार शब्द आपल्यापुढे ठेवतो. या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांनी मार्गदर्शन केले आहे. मी एका बँकेतला साधा कारकून. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, एवढीच माझी साहित्याशी ओळख. तरीही कार्यकारिणीने मला 'गाण्यांतून आणि ग्रंथांतून प्रेरणा घेऊन आपण मागे काय ठेवणार?' हा विषय दिला. याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

विषयातला 'मागे ठेवणे' हा शब्द माझ्या रोजच्या कामातला आहे. खातेदार वारला की त्याचे नातेवाईक आमच्या खिडकीशी येतात. मृत्यूचा दाखला, पासबुक, मुदत ठेवीची पावती अशी कागदपत्रे काउंटरवर ठेवतात. खातेदाराने हयातीत नामनिर्देशनाचा अर्ज भरलेला असेल, तर काम लवकर होते. नसेल, तर वारसांना हेलपाटे घालावे लागतात. ज्या ठेवीला दहा वर्षे कोणीच हात लावत नाही, ती २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा केली जाते. पण तिथेही ती बुडत नाही. खरा वारस कागद घेऊन उद्या आला, तरी ती त्याला परत मिळते.

मित्रहो, पैशांच्या बाबतीत ही सोय आहे. आपल्या आजीच्या गळ्यातल्या पाळण्याच्या बाबतीत नाही. नागपूरच्या मैदानावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबांनी काय पाहिले, ते कशाने गेले, कोणाबरोबर गेले, घरातल्या देवांचे त्यांनी पुढे काय केले, ही माहिती त्यांच्याबरोबर गेली की कोणत्याही निधीत जमा होत नाही. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. त्यापेक्षा मोठी माणसे आता प्रत्येक वस्तीत बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. म्हणून हा विषय मला केवळ साहित्यिक चर्चेचा वाटत नाही. तो निकडीचा वाटतो.

गाणे आणि ग्रंथ यांचा संबंध आपल्या धम्माच्या इतिहासातच आहे. तथागतांनी स्वतःच्या हाताने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला महाकश्यपांच्या अध्यक्षतेखाली भिक्खू एकत्र जमले. आनंदांनी धम्म सांगितला, उपालींनी विनय सांगितला आणि सर्वांनी तो एका सुरात म्हटला. या सभेला 'संगीती' म्हणतात. संगीती म्हणजे एकत्र गाणे, एकत्र पठण करणे. पुढे काही शतके बुद्धवचन असे मुखोद्गतच चालत राहिले. मग इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्धाचा काळ आला. पाठ असलेले भिक्खू अन्नावाचून मरू लागले. परंपरा असे सांगते, की 'महानिद्देस' हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू त्या वेळी उरला होता. तेव्हा जाणत्या भिक्खूंच्या लक्षात आले, की आता पाठांतरावर विसंबून चालणार नाही. त्यांनी आलुविहार येथे बसून संपूर्ण त्रिपिटक ताडपत्रांवर उतरवले. ज्या त्रिपिटकाचा आधार घेऊन आपण बोलतो, ते त्या लिहिणाऱ्या हातांमुळे आपल्यापर्यंत आले. त्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, परंतु त्यांचे काम ठाऊक आहे.

याच त्रिपिटकात 'थेरीगाथा' नावाचा एक ग्रंथ आहे. त्यात भिक्खुणींच्या ७३ रचना आहेत. त्यांत राजघराण्यातल्या स्त्रिया आहेत, गणिका होती ती आम्रपाली आहे, आणि दुसऱ्याच्या घरी पाणी भरणारी दासी पुण्णाही आहे. सुमंगल नावाच्या भिक्खूची आई उखळ-मुसळाच्या जाचातून सुटल्याचा आनंद गाते. तिचे स्वतःचे नाव मात्र कोणी नोंदवले नाही, म्हणून ती सुमंगलमाता म्हणूनच राहिली. जगातल्या अगदी जुन्या स्त्रीसाहित्यात या गाथांची गणना होते. पुण्णाच्या मालकांकडे किती धन होते, हे आज कोणाला सांगता येईल? पण थंडीत पाण्यात उतरणाऱ्या पुण्णाचे शब्द आपण आजही वाचू शकतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या घडणीत गाणे आणि ग्रंथ दोन्ही होते. सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात कबीराची पदे आणि संतांचे अभंग म्हटले जात. बाबासाहेबांनी पुढे बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले यांना आपले तीन गुरू मानले. त्यांतला कबीर त्यांना कोणत्याही विद्यापीठात भेटलेला नव्हता. तो वडिलांच्या आवाजातून कानावर पडलेला होता. आणि ग्रंथांचे म्हणाल, तर मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांच्याकडे पैसे नसले तर दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. मी बँकेत सोनेतारण कर्जाची प्रकरणे पाहतो. लग्नासाठी, आजारपणासाठी, पेरणीसाठी सोने गहाण ठेवणारे मी रोज पाहतो. एका पुस्तकासाठी सोने गहाण ठेवणारा बाप मात्र मी चरित्रातच वाचला.

शाळेतल्या परीक्षेच्या यशाबद्दल लहान भीमरावाचा सत्कार झाला, त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. केळुसकर शिक्षक होते. बागेत बसून वाचणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. ते पुस्तक वाचून आपण अतिशय प्रभावित झालो, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या सत्कारानंतर जवळजवळ अर्धे शतक लोटले. १९५६ साली त्यांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, शरीर थकलेले असताना, ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहीत होते. तो मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. वर्षावासात आपल्या विहारात रोज संध्याकाळी ज्याचे वाचन होते, तोच हा ग्रंथ. एका शिक्षकाने एका मुलाच्या हातात ठेवलेल्या पुस्तकाचे उत्तर त्या मुलाने आयुष्याच्या शेवटी एक पुस्तक लिहूनच दिले. प्रेरणा घेणे याचा अर्थ मला या उदाहरणातून उलगडतो. मिळालेली गोष्ट आपल्या कष्टाची भर घालून पुढच्याच्या हाती देणे, एवढाच तो अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण कोणाचे देणे लागतो, हे बाबासाहेब लिहून ठेवीत. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ चा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. पुढे अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली आपली 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अण्णा भाऊंची शाळा तर दोन दिवसही झाली नाही. ग्रंथ उघडल्यावर आपण अर्पणपत्रिकेचे पान भराभर उलटतो. विद्यार्थी मित्रहो, यापुढे ते पान थांबून वाचा. कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात काय आले, याची नोंद तिथे असते.

गाण्याच्या बाबतीत आपला समाज फार श्रीमंत आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या विचारांचा प्रचार पुढे जलशांनी गावोगाव नेला. त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले. वर्तमानपत्र ज्याला वाचता येत नव्हते, सभेच्या गावी जायला ज्याच्याकडे गाडीभाडे नव्हते, त्या माणसाला महाडचा सत्याग्रह आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह ढोलकीच्या तालावर कळला. जलसा सभेपेक्षा अधिक काम करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार आपल्याकडे नेहमी सांगितले जातात. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्या जलशांतले मोठे नाव. त्यांनी तरुणपणी जलसे गाजवले आणि उतारवयात 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. जलसा रात्री उभा राहतो आणि पहाटे संपतो. बत्त्या विझल्या, माणसे घरी गेली, की मागे काही उरत नाही. भीमरावांनी लिहिले, म्हणून त्या रात्रींपैकी काही आज आपल्या कपाटात आहेत. ज्यांनी लिहिले नाही त्यांचे जलसेही तितकेच रंगले असतील, पण त्यांच्याविषयी आता कोण सांगणार?

लोककवी वामनदादा कर्डक यांचे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी शाळा नाही. मुंबईत मिळेल ती अंगमेहनतीची कामे करीत ते मोठे झाले आणि अक्षरओळख झाली ती वयात आल्यावर. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले आणि त्यानंतर साठ वर्षे, २००४ साली निधन होईपर्यंत, ते गाणी लिहीत आणि गात हिंडले. त्यांची गाणी हजारोंनी मोजली जातात. काही संग्रह त्यांच्या हयातीत निघाले. पण कितीतरी गाणी गायनपार्ट्यांच्या वह्यांत आणि लोकांच्या ओठांवर राहिली, आणि अभ्यासकांना ती गोळा करत फिरावे लागले. ज्या वाचकांच्या घरात अशी जुनी वही असेल, त्यांनी ती जपावी. तिच्यात काय सापडेल हे सांगता येत नाही.

वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. संतांनीही तेच केले. ही नाममुद्रा म्हणजे कवीची सही आहे. आज जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहतात आणि रात्रभर गाणी वाजतात. छाती दडपून टाकणाऱ्या त्या आवाजात आपण नाचतो. परंतु हे गाणे कोणाचे, हे विचारले तर दहांपैकी नऊ तरुणांना सांगता येत नाही. पुष्कळदा शेवटचे कडवेच कापलेले असते. कवीची सही पुसून आपण त्याचे गाणे वापरतो. बँकेत सही नसलेला कागद आम्ही परत करतो. आपल्या गाण्यांच्या बाबतीतही थोडा कडकपणा आपण पाळला पाहिजे, असे मला नम्रपणे वाटते.

आता माझ्यासारख्या नोकरदार मंडळींसाठी दोन उदाहरणे देतो, कारण 'नोकरी, संसार, कर्जाचे हप्ते यांतून वेळ कुठे मिळतो?' हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी सरकारी नोकरी सांभाळून बाबासाहेबांचे चरित्र लिहायला घेतले. पत्रे, कात्रणे, आठवणी गोळा करता करता त्यांचे आयुष्य त्या कामात गेले. पहिला खंड १९५२ साली निघाला, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच. खैरमोडे १९७१ साली वारले, तेव्हा काम संपलेले नव्हते. उरलेले खंड त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांनी खटपट करून प्रकाशात आणले. आज बाबासाहेबांवर संशोधन करणाऱ्या कोणालाही हे खंड उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरे वसंत मून. तेही शासकीय सेवेतले अधिकारी. बाबासाहेबांची हस्तलिखिते पेट्यांमध्ये वर्षानुवर्षे पडून होती. महाराष्ट्र शासनाने ती प्रसिद्ध करायचे ठरवल्यावर मून यांनी संपादनाचे काम अंगावर घेतले आणि १९७९ साली पहिला खंड बाहेर आला. बाबासाहेबांच्या हयातीत न छापलेले कितीतरी लेखन त्यानंतरच्या खंडांतून जगाला प्रथम वाचायला मिळाले. बंधू-भगिनींनो, विचार करा. बाबासाहेबांसारख्या महामानवाचे कागदसुद्धा कोणीतरी उचलून, पुसून, वाचून, छापून घेईपर्यंत सुरक्षित नव्हते. मग तुमच्या-माझ्या घरातल्या कागदांची काय कथा! आणि मून स्वतःचे सांगायलाही विसरले नाहीत. नागपुरातल्या ज्या वस्तीत ते वाढले, तिच्यावर त्यांनी 'वस्ती' हे पुस्तक लिहिले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. थोरांचे जपले आणि आपल्या गल्लीतलेही जपले, म्हणून मला हा माणूस आदर्श वाटतो.

माता-भगिनींना वाटेल, हे सगळे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या पुरुषांचे झाले. तसे मुळीच नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला रद्दीचे कागद येत, ते त्या आधी वाचून काढीत. त्यातून वाचनाची गोडी लागली. लिहायला लागल्या, पण वही घरातल्या माणसांपासून लपवून ठेवावी लागे. त्या लपवलेल्या लेखनाचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली झाले आणि आज देशोदेशीचे विद्यार्थी ते अभ्यासतात. शांताबाई कांबळे यांनी शिक्षणखात्यातली नोकरी संपवून निवृत्त झाल्यावर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी तर आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते केले. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचे पुस्तक १९८९ साली आले. त्या मुलाखती तेव्हा घेतल्या नसत्या, तर पुढे घेता आल्या नसत्या, कारण सांगणाऱ्या स्त्रिया तोवर वृद्ध झाल्या होत्या.

आणि ज्यांना अक्षरही येत नव्हते, त्यांनी जात्यावर गायले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्याही वर गेला आहे. त्यात भीमरावांवरच्या, रमाबाईंवरच्या, बुद्धांवरच्या कितीतरी ओव्या आहेत. आज त्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावानिशी आणि गावानिशी इंटरनेटवर ऐकता येतात. दळण विजेच्या गिरणीत गेले, जाते अडगळीत गेले, पण ते दोघे आणि त्यांचे सहकारी वेळेवर पोहोचले, म्हणून ओवी राहिली.

आमच्या घरातले एक लहानसे उदाहरण सांगतो. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. आम्हा भावंडांच्या शाळेच्या वह्यांत वर्षअखेरीला जी कोरी पाने उरत, ती ती काढून घेई, सुई-दोऱ्याने शिवी आणि त्यावर गाणी लिही. बुद्धांचा पाळणा, भीमाचा पाळणा, हळदीची गाणी, मंगल परिणयाच्या वेळी म्हणायची गाणी. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ते कोणाकडून ऐकले हे लिहिलेले असे. 'सासूबाईंकडून', 'परळच्या मावशीकडून', 'नळावर, नाव विचारायचे राहिले'. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. मी मराठीचा पदवीधर, पण त्या चुका दुरुस्त करायला माझा हात कधी धजावला नाही. कारण आई 'लई', 'व्हतं', 'आलं व्हतं' असे लिहिते, तेव्हा त्या अक्षरांतून माझ्या आजीचा आवाज ऐकू येतो. तो दुरुस्त केला, तर आजी त्यातून निघून जाईल. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या मुलीचे नाव ठेवताना घरातल्या चौथ्या पिढीने त्या वहीत पाहून पाळणा म्हटला. आमच्या घरात सोने फारसे नाही. ती वही आहे.

बँकेच्या नियमांत एक बारकावा आहे, तो मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. ठेवीवर ज्याचे नाव नामनिर्देशित म्हणून लागते, तो त्या पैशाचा मालक होत नाही. तो विश्वस्त असतो. त्याने रक्कम घ्यायची आणि खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवायची. आपल्या कानावर पडलेले गाणे आणि आपण वाचलेला ग्रंथ यांच्या बाबतीत आपली जागा तीच आहे. वामनदादांचे गाणे माझ्या ओठांवर आले म्हणून ते माझे झाले नाही. ते माझ्या पुढच्याचे आहे आणि मी ते सांभाळायला घेतले आहे.

यावर एक शंका हमखास निघते. 'आमचे आयुष्य साधे. आम्ही ना सत्याग्रह केला, ना तुरुंगात गेलो. आम्ही काय लिहायचे?' माझे उत्तर असे, की बेबीताईंनी दुकान सांभाळले होते आणि पुण्णाने पाणी भरले होते. तुमच्या वस्तीत विहार कसा उभा राहिला, पहिली वीट कोणी आणली, वर्गणी किती जमली, पहिला पदवीधर कोण, पहिली मुलगी वसतिगृहात राहायला गेली तेव्हा तिच्या आईला कोण काय बोलले, हे तुम्ही लिहिले नाही, तर दुसरा कोणी लिहायला येणार नाही. आपल्याविषयी शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिले आणि त्यांना वाटेल तसे लिहिले. आता लेखणी आपल्या हाती आहे. ती फक्त परीक्षेच्या पेपरापुरती आणि बँकेच्या स्लिपेपुरती वापरायची, हे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून काही साध्या सूचना करतो. विद्यार्थ्यांनी एक दोनशे पानी वही घ्यावी. अभ्यासक्रमाबाहेरचे एक पुस्तक वाचून झाले, की त्यावर एक पान लिहावे. पुस्तकाचा गोषवारा नको, तो प्रस्तावनेत असतोच. त्या पुस्तकातली कोणती गोष्ट आपल्या घरात, आपल्या गल्लीत घडली आहे, तेवढेच लिहावे. वर्षभरात दहा पाने झाली तरी पुष्कळ झाले. दुसरे, रविवारी एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ अर्धा तास बसावे. आजी, बाबा, काकी, मामा जे कोणी असतील त्यांना तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही लहानपणी कोणते गाणे ऐकले? धम्मदीक्षेनंतर घरात काय बदलले? तुम्हाला शिकायला कोणी मदत केली किंवा कोणी अडवले? उत्तर त्यांच्याच बोलीत लिहावे. मोबाइलवर आवाज जरूर घ्यावा, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. मोबाइल बदलतो, बिघडतो, हरवतो आणि त्यातला आवाज त्याच्याबरोबर जातो. शाईने लिहिलेली वही पेटीच्या तळाशी पन्नास वर्षे राहते.

लिहिताना आमच्या बँकेचा एकच नियम पाळावा. प्रत्येक नोंदीला तारीख, नाव आणि सही हवी. कोणी सांगितले, कोणत्या गावी सांगितले, कोणी लिहून घेतले. तारीख नसलेली नोंद उद्या कोणी खरी मानणार नाही. आणि एक प्रत घरात, दुसरी दुसरीकडे ठेवावी. संस्थेला माझी विनंती आहे, की विहाराच्या ग्रंथालयातले एक कपाट, निदान एक फळी, सभासदांच्या अशा वह्यांसाठी राखून ठेवावी. त्यासाठी देणगी लागत नाही, इमारत निधी लागत नाही. एक नोंदवही आणि एक कुलूप पुरेसे आहे. आपल्यातल्या गायक मंडळींनी आपल्या पार्टीच्या जुन्या वह्यांची झेरॉक्स प्रत तिथे द्यावी. ती पहिली ठेव समजू.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायचा प्रयत्न केला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. घटना लिहिणारा, हजारो ग्रंथ पचवलेला माणूस, वय झालेले, प्रकृती साथ देत नव्हती, आणि तरी नवे वाद्य हाती घेऊन विद्यार्थ्यासारखा बसतो. त्यामुळे 'आता या वयात काय लिहायचे' असे येथे बसलेल्या कोणत्याही ज्येष्ठ उपासकाने किंवा उपासिकेने म्हणू नये, ही माझी प्रेमाची विनंती आहे. हात थरथरत असेल, तर नातवाला सांगा, तो लिहील. त्यालाही कळेल, आपण कोणाचे आहोत.

येथील पंचाहत्तरीपुढच्या प्रत्येक सभासदाच्या घरी या वर्षावासाची समाप्ती होण्याआधी एक तरी विद्यार्थी वही घेऊन जावा, एवढा संकल्प आपण करू या. यादी संस्थेच्या कार्यालयात तयार आहे. नावे द्यायला सुरुवात आजच करावी.



नमो बुद्धाय! जय भीम!